जुना सिनेमा पहिल्यांदा घरी बघावा की मोठ्या पडद्याची वाट बघावी?

कृष्णधवल
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. 'सेव्हन सामुराय' मी अजून पाहिलेला नाही. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचे बाकीचे सात-आठ झालेत, हा एकच मुद्दाम राखून ठेवलाय, पहिल्यांदा बघेन तो थिएटरातच म्हणून. असं करता करता नऊ वर्षं गेली. दोनदा कुठेतरी खेळ लागल्याचं कळलं, तेही होऊन गेल्यावर.

हा हट्ट अलीकडे आणखी पक्का झालाय. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' मी लॅपटॉपवर दहा-बारा वेळा तरी पाहिला असेल, संवाद पाठ आहेत, एक खोली, खटल्याचा निकाल ठरवणारे बारा ज्युरर आणि नुसतं बोलणं, यात मोठ्या पडद्यावर वेगळं काय दिसणार असंच मी धरून चाललो होतो. मध्यंतरी तो थिएटरात बघायचा योग आला आणि उत्तरार्धात मला अक्षरशः कोंडल्यासारखं व्हायला लागलं. मग शोधून वाचलं. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने सुरुवातीचा भाग डोळ्यांच्या वरून घेतलाय, मधला डोळ्यांच्या पातळीवर आणि शेवटचा खालून, त्यामुळे शेवटी शेवटी छत दिसायला लागतं. शिवाय लेन्सही लांब लांबच्या होत जातात, म्हणून मागच्या भिंती माणसांच्या पाठीला येऊन टेकल्यासारख्या वाटतात. लॅपटॉपवरही हे सगळं होतंच की, पण इतक्या वेळा बघून मला एकदाही जाणवलं नव्हतं.

आणि तो चष्मेवाला ज्युरर, मला घाम येतच नाही म्हणणारा. थोड्याच दिवसांपूर्वी बघितलेल्या सिनेमाचं नाव सांगताना तो अडखळतो आणि रुमालाने कपाळ टिपतो. तो घाम तेवढा मोठा बघताना माझ्याच पोटात गोळा आला.

तर आता सांगा, वाट बघू की बघून टाकू?

रात्रीचा_खेळ
बघून टाका हो! नऊ वर्षांत तीनदा तरी बघून झाला असता.
मी 'सिटी लाइट्स' पहिल्यांदा पाहिला तो लहानपणी, छोट्या टीव्हीवर, चित्रात मुंग्या येत होत्या तरीही शेवटी रडलोच होतो. बोलपट १९२७ पासून सुरू झालेले, तरी चॅप्लिनने १९३१ मध्ये हा संवादांशिवायच केला, संगीत मात्र स्वतः रचून दिलं. खूप वर्षांनी थिएटरात पाहिला तेव्हा पुढे काय होणार ते सगळं माहीत होतं. शेवटी, आधी आंधळी असलेल्या त्या फुलवालीचा हात चॅप्लिनच्या हाताला लागतो आणि बोटांना आधी कळतं, मग चेहऱ्यावर येतं. तिथे आधीपासून माहीत असल्यामुळेच मी तिच्या बोटांकडे बघत बसलो होतो. लहानपणी मी फक्त त्याच्याकडे बघितलं होतं. पहिल्यांदा गोष्टच बघितली जाते, बाकीचं नंतर दिसायला लागतं, असा माझा तरी अनुभव आहे.

दुसरी_रीळ
दोघांचंही पटतंय, पण मोठा पडदा म्हणजे आपोआप चांगलं असं नाही. माझे मामा प्रोजेक्टर चालवायचे, लहानपणी त्यांच्या केबिनमध्ये बसून कितीतरी सिनेमे पाहिलेत. एक रीळ साधारण वीस मिनिटांची, दोन मशीनं शेजारी शेजारी, आणि रीळ संपत आली की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका दिसायचा. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, मग काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की बदल. मामा बोलणं अर्धवट सोडून त्या कोपऱ्याकडे बघत उभे राहायचे आणि खाली बसलेल्यांना काही कळायचंसुद्धा नाही. अजूनही जुनी प्रिंट बघताना माझी नजर आपसूक तिकडेच जाते.

हे सांगायचं कारण, दाखवणाऱ्याचं लक्ष नसेल तर मोठा पडदाही वाया जातो. एका खेळाला त्यांनी जुनी जवळपास चौकोनी फ्रेम ताणून पूर्ण पडदाभर केली होती, सगळ्यांचे चेहरे चपटे. मी उठून बाहेर जाऊन सांगितलं, वीसेक मिनिटांनी नीट झालं. तुम्हीही असं दिसलं तर सांगत चला, संकोच करू नका.

आणि घरी बघणार असाल तर टीव्हीचं मोशन स्मूदिंग आधी बंद करा!! सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा, टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनाने बनवून घालतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर त्या तशाच राहू द्या, 'सेव्हन सामुराय' त्याच जवळपास चौकोनी आकारात बनलाय.

शांतपट
मी वाट बघा म्हणणारी. घरी २०७ मिनिटं सलग कोण बघतं सांगा ना, फोन वाजतो, कोणीतरी दार वाजवतं, आपणच पॉज करून पाणी प्यायला उठतो. थिएटरात उठता येत नाही, आणि मला वाटतं हा सिनेमा त्याच्यावरच उभा आहे, सामुराय ज्याचं रक्षण करतात त्या गावात इतका वेळ राहिल्यावरच शेवटची पावसातली लढाई अंगावर येते. ती कुरोसावाने एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून घेतली, चिखलात घोडे आणि माणसं नुसती घुसमटलेली, लहान पडद्यावर कोण कुठे आहे तेच समजत नाही. शिवाय त्यात विनोद किती आहे! त्यातला नट तोशिरो मिफुनेच्या एकेका हालचालीला अख्खं थिएटर हसत होतं, घरी एकटीने बघितला तेव्हा मी तिथे जेमतेम हसले होते.

रात्रीचा_खेळ
@शांतपट म्हणजे तुम्हीही आधी घरीच पाहिलात ना! :)

शांतपट
हो, आणि त्याचीच हळहळ आहे म्हणून तर सांगतेय.

जुनी_प्रिंट
वाट बघण्याबद्दल एक वेगळं सांगते. डॅनिश दिग्दर्शक ड्रायरच्या 'पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'ची (१९२८) मूळ निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून प्रिंट काढतात ती फिल्म, जळाली, कित्येक वर्षं लोक तुकड्या-तुकड्यांनी जोडलेल्या आवृत्त्या बघत होते, आणि १९८१ मध्ये ओस्लोच्या एका मनोरुग्णालयात जवळपास मूळ रूपातली प्रिंट सापडली. 'पथेर पांचाली'चंही तेच, १९९३ मध्ये लंडनला आग लागली त्यात निगेटिव्ह होरपळल्या, तरी जे वाचलं त्यातून फ्रेम फ्रेम करत तो २०१५ मध्ये पुन्हा उभा केला. 'सेव्हन सामुराय'सुद्धा बाहेरच्या देशांत आधी कापून छोटा करूनच दाखवला गेला होता. आज पूर्ण आणि स्वच्छ कॉपी आपल्याला घरबसल्या मिळते, हे आधीच्या प्रेक्षकांच्या नशिबी नव्हतं. ती हाताशी असताना मी तरी थांबले नसते.

कृष्णधवल
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं. येत्या रविवारी बघतो, मोशन स्मूदिंग बंद, फोन दुसऱ्या खोलीत, दिवे बंद. आणि पुढे कधी थिएटरात लागला तर रजा टाकून जाईन. एकच विचारायचंय, मध्ये थांबायचं झालं तर कुठे थांबू?

शांतपट
कुठेही नको, मध्यंतर सिनेमातच आहे. साधारण अर्ध्यावर नुसतं संगीत चालू राहतं, काही मिनिटं. तेवढ्यात पाणी पिऊन या, पण ते संगीत पुढे ढकलू नका.