'यंत्राला जात नसते' लिहिणाऱ्या दादांना

शहाद्याची शिक्षिका:
कालची पोस्ट होती, "यंत्राला जात नसते, बाई-पुरुष नसतो. आठवीच्या पोरांना एआयचे पूर्वग्रह शिकवण्यापेक्षा पाढे घ्या." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. मागच्या आठवड्यात वर्गात एआयकडे शेतकऱ्याचं चित्र मागितलं. पाचदा मागितलं, पाचही वेळा पागोटंवाला बाप्या. एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे कापूस तर आई वेचते." यंत्र हे कुठून शिकलं? आपणच काढलेल्या चित्रांतून. अमेझॉननं नोकरीचे अर्ज निवडायला यंत्र केलं, त्याला दहा वर्षांचे जुने अर्ज दाखवले. ते बहुतेक पुरुषांचे. मग अर्जात 'महिलांचा' असा शब्द दिसला की ते गुण कापू लागलं. २०१८ मध्ये हे बाहेर आलं. तिथल्या इंजिनियरांना पाढे येत नव्हते का?

धुळेकर:
पोस्ट माझीच. पाच चित्रांवरून एवढं? माझ्या पोराच्या शाळेत बारा कॉम्प्युटर, नऊ बंद. लाइट गेली की तीनही बंद. आधी ते सुरू करा.

रावेरचा केळीवाला:
ताईंचं बरोबर आहे. मी एआयला बहिणाबाईंची बोली विचारली. ठासून म्हणतो, अहिराणी! आसोद्याच्या लेकीची बोली लेवा गणबोली.

धुळेकर:
त्यात काय चुकलं? अहिराणीचं नाव निघालं की तुमच्या पोटात दुखतं.

रावेरचा केळीवाला:
भाऊ, बहिणाबाई 'माझी माय' म्हणतात. तुमच्यात 'मनी माय' होतं. कान उघडे ठेवा.

धुळेकर:
आणि त्यांचं 'माले'? ते आमचंही आहे! आमची आई फोनला 'माले पानी दे' म्हणते, तो 'माल पाणी दे' लिहितो. तेव्हा कुठे असतात तुम्ही लेवावाले?

रावेरचा केळीवाला:
म्हणजे यंत्राला तुमच्या आईची बोली कळत नाही. ताई दुसरं काय सांगताहेत? लोकांनी जिकडेतिकडे 'अहिराणी कवयित्री' लिहून ठेवलं, यंत्रानं तेच उचललं.

धडगावचा:
तुम्ही दोघं बहिणाबाई वाटून घ्या. आमची पावरी बोली फोनला ऐकूही येत नाही. आणि ताई, राग मानू नका. सातवीत मला आडनाव विचारून मागच्या बाकावर बसवलं ते यंत्रानं नाही, मास्तरानं. गणितात वर्गात पहिला आलो तरी बाक बदलला नाही. यंत्राचे पूर्वग्रह कोण शिकवणार, तोच मास्तर?

शहाद्याची शिक्षिका:
राग आला होता, खोटं बोलत नाही. दोनदा उत्तर लिहून पुसलं. माझ्या वर्गात मागच्या बाकांवर कोण बसतं, ते आज जाऊन पाहिलं. सोमवारी बाक बदलतेय, मग तास.

धुळेकर:
आईच्या फोनचं पटलं, तेवढंच. घ्या तुमचा तास. पण पाढ्यांचा तास कापून नाही.

रावेरचा केळीवाला:
आणि गणबोलीचं? ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.