जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चच्या उघड्या भिंतींविषयी

प्रश्न (सोलापूर):
गेल्या महिन्यात आम्ही सहकुटुंब जुन्या गोव्याला जाऊन आलो. भुईकोटाचा तट पाहत लहानाचा मोठा झाल्यामुळे माझे लक्ष आधी दगडाकडे जाते. समोरचे से कॅथेड्रल शुभ्र चुन्याने लिंपलेले असताना बॉम जीझसचा जांभा मात्र उघडाच का, हे कळले नाही. बांधले तेव्हापासून ते असेच आहे काय?

प्रतिसाद १:
नाही. १५९४ मध्ये काम सुरू होऊन १६०५ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू तीनशेहून अधिक वर्षे गिलाव्याखाली होती. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, १९५० च्या दशकात, वास्तू प्राचीन दिसावी या हौसेपायी (मला दुसरा शब्द सुचत नाही) तो गिलावा काढून टाकण्यात आला. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो आणि हळूहळू झिजतो. आपल्या सोलापुरात पाऊस बेताचा आणि दगड काळा, घट्ट, म्हणून तट उघडा राहिला तरी टिकतो. गोव्याच्या पावसात मात्र भिंतीला चुन्याचे पांघरूण लागतेच.

प्रतिसाद २:
हे सर्व मान्य आहे, तरीही पुन्हा गिलावा करावा असे मला वाटत नाही, कारण हे चर्च आज लोकांना त्याच्या तांबूस रूपानेच ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटली असावी: दर्शनी भागातील खांब आणि कोरीवकाम जांभ्याचे नाही, त्यासाठी वसईहून काळा दगड आणला होता. जांभ्यावर बारीक नक्षी उतरत नाही, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. छायाचित्रे पुन्हा पाहिली. खांबांच्या कडा खरोखरच रेखीव आहेत आणि शेजारच्या जांभ्याला मात्र खळगे पडले आहेत. खरे तर आमचा बहुतेक वेळ आत, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीपाशी गेला. फ्लॉरेन्सहून आलेला संगमरवरी चौथरा आणि त्यावर गोव्याच्याच सोनारांनी सतराव्या शतकात घडवलेली चांदीची पेटी, यांतील पेटीच मला अधिक आवडली. गिलाव्याबाबत मात्र मी पहिल्या प्रतिसादाच्या बाजूने आहे.