संगीत नाटक बोलपटाने संपवले, की सामावून घेतले?

जिज्ञासू: अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० मधील ‘शाकुंतल’पासून बहरलेली संगीत रंगभूमी बोलपट आल्यावर पाहता पाहता ओसरली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ‘इंद्रसभा’त सत्तरच्या आसपास गाणी होती. बोलपटाने नाटकाची गाणी उचलली आणि नाटकाला वाऱ्यावर सोडले, असे म्हणणे रास्त ठरेल काय?

नाट्यवेडा: गाणी उचलली म्हणण्यापेक्षा गाणारी माणसेच तिकडे गेली. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात (१९३२) हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत ही दोन्ही कामे गोविंदराव टेंबे यांच्याकडे होती, आणि टेंबे तर रंगभूमीवरच नावारूपाला आलेले. पदाचे रूप मात्र पार बदलले. नाटकात ‘वन्समोअर’ मिळाला की तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा रंगे. चित्रीकरणात आवाज आणि चित्र एकाच वेळी टिपले जात असल्यामुळे नटाला कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गावे लागे, साजिंदे चौकटीबाहेर दडून साथ करीत आणि कोणाचीही चूक झाली तरी सगळे पहिल्यापासून करावे लागे. अशा ठिकाणी गायकी आटोपशीर होणारच. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ साली पार्श्वगायन रुजवेपर्यंत गळा आणि चेहरा एकाच माणसाचा असणे भाग होते.

पडद्याआड: माझ्या मते नाटकाला खरा धक्का गाण्यापेक्षा स्त्रीपार्टाने, म्हणजे पुरुषांनी वठवलेल्या स्त्रीभूमिकांच्या प्रश्नाने दिला. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात तारामतीसाठी अण्णा साळुंके या पुरुष नटालाच उभे करावे लागले होते. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’तल्या तारामती मात्र दुर्गा खोटे. जवळून टिपलेल्या चेहऱ्यापुढे पुरुषाने लुगडे नेसणे टिकणारे नव्हते. स्त्रीभूमिकांसाठी गाजलेले खुद्द बालगंधर्व १९३५ च्या ‘धर्मात्मा’त आले ते एकनाथ होऊन, कोणी नायिका म्हणून नव्हे!

नाट्यवेडा: हे मान्य, पण तेवढ्याने सारा हिशेब लागत नाही. ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि पदांची संख्याही मोजकी ठेवली, म्हणजे रंगभूमी स्वतःहूनही बदलत होती. त्या नाटकाला संगीत देणारे केशवराव भोळेच पुढे प्रभातमध्ये गेले. त्यांनी संगीत दिलेल्या ‘कुंकू’त (१९३७) पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, प्रसंगात प्रत्यक्ष उमटणारे आवाजच ऐकू येतात. तेव्हा बोलपटाने संगीत नाटकाकडून गाण्याची हौस घेतली असेल, तर गाणे कोठे नको हा विचारही त्याच वर्तुळातून त्याच्याकडे आला.