जात्यावरच्या ओव्या कुणाच्या खात्यात?
"स्त्री-अभ्यास वेगळा कशाला, समाजशास्त्रात भागतं की," असं काही जण म्हणतात. मग जात्यावरच्या ओव्या कुठल्या खात्यात टाकायच्या? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या समाजाच्या अभ्यासकांनी गावोगावच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत सीतेचा वनवास आहे, सासुरवास आहे, बाबासाहेबही आहेत. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे अभ्यासक ध्वनिमुद्रणासाठी सोबत आले; नुसते शब्द उतरवले की चाल हरवते ना! समाजशास्त्राच्या प्रश्नावलीत हे कसं मावणार? विचारायला गेलं की बाई म्हणते, "आमचं काय, बरं चाललंय." जात्याशी मात्र सगळं बोलते. (गिरणी आल्यावर हात सुटले, पण हा ऐकणाराही गेला.)