होळीनंतर नाशिकहून किनारपट्टीवर निसर्गभ्रमंती : वेळास की बोर्डी?

गोदाकाठ (नाशिक) :
आमचा गट हिवाळाभर नांदूरमधमेश्वरला पक्षी पाहतो आणि फाल्गुनात त्र्यंबकच्या बाजूला पळस-पांगारा पाहत फिरतो. यंदा होळीनंतरच्या आठवड्यात दोन दिवस समुद्रकिनाऱ्यावर पायी फिरण्याचा विचार आहे. काही सदस्यांना कासवांसाठी रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला जायचे आहे, तर काहींना जव्हारमार्गे डहाणू-बोर्डी सोयीचे वाटते. या दिवसांत किनाऱ्यावर काय पाहायला मिळते आणि ज्येष्ठ मंडळी सोबत असल्याने कोणती वेळ निवडावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सुरूबन :
ठिकाणाआधी तिथी पाहा. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते आणि त्याच्या साधारण सहा तास आधी व सहा तासांनंतर पूर्ण ओहोटी असते. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणून धूलिवंदनाच्या व त्यानंतरच्या सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान पाणी सर्वांत मागे गेलेले असते. वद्य पंचमीला हीच ओहोटी दहाच्या आसपास, म्हणजे उन्हाच्या तोंडावर येते आणि अष्टमीपर्यंत ती भर दुपारी जाते. शिवाय तेव्हा उधाण ओसरलेले असल्याने पाणी फारसे मागेही हटत नाही. रहाडीसाठी (रंगाच्या हौदातील खेळासाठी) तुम्हाला रंगपंचमीला नाशकात परतायचे असणारच, तेव्हा धूलिवंदनालाच निघावे हे उत्तम. नेमकी वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पडताळून घ्यावी.

टिटवी :
नांदूरमधमेश्वरला पाहिलेल्या बदकांची येथे अपेक्षा ठेवू नका. बोर्डीच्या उथळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाहायचे ते कुरव, सुरय, चिखले आणि तुतारी हे किनाऱ्यावरचे पक्षी. वसंतात येण्याचा खरा लाभ असा, की परतीच्या प्रवासापूर्वी या पाहुण्यांची पिसे बदलत असतात. हिवाळ्यात डोळ्यामागे केवळ गडद ठिपका असलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचे संपूर्ण डोके आता तपकिरी होऊ लागते आणि मातकट दिसणाऱ्या छोट्या चिखल्यांच्या छातीवर तांबूस पट्टा उमटू लागतो. एकाच थव्यात जुनी आणि नवी अशी दोन्ही रूपे दिसत असल्याने ओळखताना गोंधळ होतो, पण मौजही त्यातच आहे. एक विनंती : कुरवांना शेव-गाठ्या टाकणाऱ्यांचे अनुकरण करू नये. लांबच्या प्रवासाची तयारी करणाऱ्या पक्ष्याचे ते अन्न नव्हे.

खाडीकर :
वेळासविषयी थोडे सविस्तर लिहितो. ऑलिव्ह रिडले कासवे आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात आणि पिल्ले बाहेर यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात. वाळू जितकी उबदार, तितका हा काळ कमी आणि माद्यांचे प्रमाण अधिक. त्यामुळे मार्चमध्ये पिल्ले दिसण्याची शक्यता चांगली असली, तरी ठरावीक दिवशी घरटे उघडेलच असे नाही. तेथे 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने संवर्धनाचे काम उभे केले. पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी समुद्राकडे सोडली जातात. त्या वेळी फ्लॅश वापरू नये, कारण पिल्ले प्रकाशाच्या रोखाने वळतात. नाशिकहून दोन दिवसांत वेळास करणे म्हणजे बहुतांश वेळ गाडीत घालवणे होय. तीन दिवस असतील तरच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोदाकाठ :
सर्वांचे आभार. दोनच दिवस असल्याने बोर्डी निश्चित करत आहोत. आमच्यातील दोघींना वनस्पतींमध्ये विशेष रस आहे. पळसासारखा बहर तेथे नसेल, मग त्यांनी काय पाहावे?

सुरूबन :
पुळणीवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा हे टोकदार पात्यांचे गवत शोधा. दोन्ही वाळू धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यावरून चालणे टाळा. खाडीच्या काठी तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे दिसतील आणि काटेरी पानांच्या मारांडीला याच सुमारास निळसर जांभळी फुले येऊ लागतात. तिवरांमध्ये मात्र चिखलात न उतरता बांधावरूनच पाहावे आणि भरती चढू लागण्यापूर्वी परतावे.