‘नैतिक निर्णय’ म्हणजे नीतीविषयीचा की नीतीला धरून केलेला?

व्यवस्थापकांसाठीची एक प्रश्नावली मराठीत आणतो आहे. धंद्यात नीतीचा पेच पडला की ते काय ठरवतात, हे मोजायचं आहे. वर ‘नैतिक निर्णयांचे मापन’ असं लिहिलं, तर पहिल्याच वाचकाने विचारलं, “मग अनैतिक निर्णय मोजणार नाही का?” काय लिहावं?

— शंका खरी आहे. ‘नैतिक प्रश्न’ म्हणजे नीतीविषयीचा प्रश्न, पण ‘नैतिक वागणूक’ म्हणजे चांगलीच वागणूक. ‘निर्णय’ला जोडला की दुसरा अर्थ वर येतो आणि उत्तर देणारा सावध होतो. ‘नीतिविषयक’ लिहा. ‘मापन’च्या जागी ‘मूल्यमापन’ मात्र नको, त्यात बढतीचा वास येतो.

— मला ‘निर्णय’च जास्त खटकतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांच्या ‘डिफाइनिंग इश्यूज टेस्ट’ या नीतीविषयीच्या चाचणीत पेचाच्या छोट्या गोष्टी देऊन त्यांतल्या माणसाने काय करावं हे विचारतात खरं, पण मुख्य गुण त्यावर नसतात. प्रत्येक गोष्टीखाली १२ मुद्दे असतात, त्यांतले सर्वांत महत्त्वाचे ४ क्रमाने निवडायचे, आणि गुण त्या क्रमावरून निघतात. भारदस्त पण अर्थहीन वाक्यंही मुद्दाम पेरलेली असतात, नुसत्या शब्दांना भुलणारा ओळखू यावा म्हणून. म्हणजे मोजला जातो तो विचार. रेस्ट यांनीच १९८६ साली चार बाबी वेगळ्या काढल्या: पेच जाणवणं, बरोबर काय ते ठरवणं, त्याला इतर लाभांपेक्षा वर ठेवणं आणि ते तडीस नेणं. आपण चारही एका ‘निर्णया’त कोंबतो. दुसरीला ‘निवाडा’ म्हणावं.

— निवाडा तंट्याचा असतो ना?

— असतो, आणि तो तिऱ्हाईत करतो. इथेही दुसऱ्याने केलेलं कृत्य वाचून ते कसं वाटलं हेच सांगायचं असतं. ‘मी असं करीन’ हा पुढचा, इराद्याचा प्रश्न. तो वेगळाच विचारा.

‘नीतिविषयक निवाडा’ पटलं, बदलतो. आता एक अडचण उरली. मी रायडनबाख आणि रॉबिन या संशोधकांची १९९० ची मोजपट्टी वापरतो आहे. तिच्यात विरुद्ध टोकांच्या ८ जोड्या आहेत, कृत्य कुठल्या टोकाकडे वाटतं ते सांगायचं. तिच्यात ‘फेअर’ आणि ‘जस्ट’ वेगवेगळे आहेत. मी दोन्हीकडे ‘न्याय्य’ लिहून बसलो.

— पहिल्याला ‘रास्त’ लिहा. भाव रास्त असतो, हक्क न्याय्य असतो. उलट करून पाहा, कानाला लगेच टोचतं. फक्त उलट टोकाला ‘गैररास्त’ असला शब्द घडवू नका, ‘रास्त नाही’ पुरे. ‘न्याय्य’समोर ‘अन्याय्य’ आहेच.