सल्ला हवा: शिलाई मशीन दुरुस्तीच्या कामासाठी वेबसाइट करावी का? (बजेट जवळजवळ नाहीच)

टाचणी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचते. आज पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी शिलाई मशीन दुरुस्त करते. एकटीच. घरातल्याच एका खोलीत काम चालतं, मशीन जड असेल तर मी जाते. बारा वर्षं सगळं तोंडी ओळखीवर चाललंय. आता जो तो विचारतो, वेबसाइट आहे का? परवा एका जुन्या गिऱ्हाइकाने ऐकवलं, "नेटवर कुठे दिसला नाहीत, वाटलं काम बंद केलंत."

बजेट: वर्षाचं डोमेन (साइटचा पत्ता) आणि सगळ्यात साधं होस्टिंग (साइट ठेवायची जागा), संपलं. दरमहा काही भरणार नाही. वेळ फक्त रविवारी दुपारी. कॉम्प्युटर वापरता येतो, कोडिंग येत नाही. भाचा थोडंफार करतो.

वेबसाइट हवीच का? हवी तर कशात करू? आणि नको असेल तर तिच्याऐवजी काय?

हो, एक राहिलं. फोन दिवसभर वाजलेला चालणार नाही. मशीन उघडलेलं असतं तेव्हा दोन्ही हात तेलात असतात.

लिंबूटिंबू
रुमाल टाकून ठेवतो. मला भाषांतराच्या कामासाठी हेच विचारायचं होतं. वाचतोय.

उंटावरचा_शहाणा
वर्डप्रेस. दुसरा विचारच नको. मी आजवर चौदा साइट केल्यात, सगळ्या वर्डप्रेसवर, एकही रडली नाही. चांगली थीम विकत घ्या, पेज बिल्डरचा प्रो प्लॅन, बॅकअप, सिक्युरिटी आणि फॉर्मचं एकेक प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा तयार भाग), वर मॅनेज्ड होस्टिंग. एकदाच खर्च होतो, मग निवांत.

कळफलक
एकदाच? तुम्ही मोजलेलं बहुतेक सगळं दरवर्षी रिन्यू होतं. ताईंनी बजेट लिहिलंय, ते वाचलंत का?

उंटावरचा_शहाणा
वाचलं. बजेट वाढवायला हवं, असं माझं मत आहे. मत मांडायला बंदी नाही ना?

गोगलगाय
वेबसाइट कशातही करा, पण डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. माझं रडगाणं ऐका आणि मग ठरवा.

मी लग्नपत्रिका, बोधचिन्हं वगैरे डिझाइन करते. पहिली साइट एका ओळखीच्या मुलाने करून दिली. डोमेन त्याच्या खात्यातून, त्याच्या ईमेलवर घेतलेलं. मला वाटलं, काय फरक पडतो? तीन वर्षांनी त्याने काम बदललं, तो जुना ईमेल बघेना, मुदत संपल्याची पत्रं तिथेच साचत राहिली. साइट उघडेना तेव्हा मला कळलं. तोवर डोमेन रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे मुदत संपल्यावर सोडवून घ्यायच्या काळात, गेलेलं. डॉट कॉमला हा काळ ३० दिवसांचा असतो आणि त्यात सोडवून घ्यायचं तर नेहमीच्या फीवर वेगळा दंड. शिवाय खातं माझं नाहीच, मग सोडवायचं कुणी? तो फोन उचलेना. ३० दिवस गेले, डोमेन सुटलं आणि आता तिथे भलत्याच कुणाचं पान आहे. माझ्या छापलेल्या कार्डांवर अजून तोच पत्ता आहे. चारशे कार्डं. त्यांच्या पाठीवर आता मी सामानाच्या याद्या लिहिते.

तर: स्वतःचं खातं, रोज उघडता तो ईमेल, ऑटो-रिन्यू चालू, आणि खात्याला लावलेल्या कार्डाची मुदत संपली की ते लगेच बदला. ऑटो-रिन्यू चालू असूनही कार्ड बाद झाल्यामुळे डोमेन गेलेले लोक मी पाहिलेत.

लिंबूटिंबू
बाप रे. माझंही डोमेन मित्राच्या नावावर आहे. आत्ताच फोन करतो.

दणकट
वेबसाइटबिबसाइट सोडा हो. ते दिवस गेले. रील करा. माझा एक मित्र सायकली दुरुस्त करतो, त्याची एक रील एवढी चालली की आता त्याला वेळ नाही. तुमचं काम तर दिसायलाही छान. गंजकी मशीन, मग चकचकीत मशीन. लोक बघतात.

कळफलक
बघतात, पण कुठून बघतात? तुमच्या मित्राला एवढ्या व्ह्यूजमधून किती सायकली आल्या, ते विचारून सांगा.

दणकट
विचारलं. सायकली दोन. फॉलोअर भरपूर. पण ब्रँड झाला ना!

निवांत
टाचणीताई, वेबसाइटचं नंतर बघू. आधी वही काढा. शेवटची वीस गिऱ्हाइकं कुठून आली, प्रत्येकासमोर एक शब्द लिहा. आठवत नसेल तर फोन करून विचारा, लोक सांगतात. हे न करता जो सल्ला मिळेल, तो देणाऱ्याच्या धंद्याचा असेल, तुमच्या नाही.

झाडपाला
गूगल बिझनेस प्रोफाइल करा, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद. फुकट आहे. घरी काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त कुठवर सेवा देता तो भाग दाखवता येतो. कामाच्या वेळा टाका, चार खरे फोटो टाका. आजकाल पडताळणीला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात, त्यात अवजारं आणि कामाची जागा दाखवावी लागते. तेवढं झालं की वेबसाइट नसली तरी चालतं.

कावळ्याचा_डोळा
+१ बिझनेस प्रोफाइल. फुकट आहे.

उंटावरचा_शहाणा
फुकटच्या भरवशावर राहू नका. याच प्रोफाइलमधून आधी फुकट वेबसाइटही मिळायची. २०२४च्या मार्चमध्ये ती सोय बंद झाली. ज्यांनी कार्डांवर तो पत्ता छापला ते बसले हात चोळत. दुसऱ्याच्या ओट्यावर पथारी टाकली की तो उठ म्हणेल तेव्हा उठायचं.

झाडपाला
वेबसाइटची सोय बंद झाली, प्रोफाइल चालूच आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

दणकट
आणि रिव्ह्यू! प्रोफाइल केलं की प्रत्येकाला सांगायचं, पाच तारे द्या, पुढच्या सर्व्हिसिंगला सूट. एका महिन्यात पन्नास.

झाडपाला
असलं काही करू नका. सूट किंवा भेट देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमात बसत नाही. रिव्ह्यू उडतात. काम झाल्यावर गिऱ्हाईक समोर असतानाच नुसतं मागा, न लाजता. लिंक पाठवा, बस.

टाचणी
सगळ्यांचे आभार. निवांत, तुमचं ऐकून वही काढली. वीसपैकी अकरा जण एकाच माणसाकडून आलेत! बटणं-दोरे विकणारे एक काका आहेत, ते मला गिऱ्हाइकं पाठवतात आणि मला पत्ताच नाही. सहा जुनी. दोन शेजारच्यांकडून. एक कुठून आला ते त्यालाच आठवत नाही.

निवांत
मग तुमचं मार्केटिंग खातं ते काका सांभाळतायत. त्यांच्या गल्ल्यावर तुमची वीस कार्डं आहेत का?

टाचणी
नाहीत :( ते पिशवीच्या पाठीवर माझा नंबर लिहून देतात म्हणे.

रात्रपाळी
व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, वेबसाइट कशाला? कॅटलॉग टाकता येतो, हात तेलात असले तर ऑटो-रिप्लाय जातो. मी ब्रॉडकास्टवर २५६ लोकांची यादी केलीय, एका फटक्यात सगळ्यांना निरोप.

कळफलक
सगळ्यांना नाही. ब्रॉडकास्ट फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. उरलेल्यांना काही येत नाही आणि तुम्हाला वाटतं पोचलं.

रात्रपाळी
अरेच्चा. म्हणून का कुणी उत्तर देत नाही? मला वाटलं लोक माजलेत.

कळफलक
मी पुस्तकांची मुद्रितशोधनं करतो, साइट सहा वर्षं आहे. माझं म्हणणं:

एकच पान पुरे. साधं एचटीएमएल, भाचा एका रविवारी करील. गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतं, आपलं डोमेन जोडता येतं, म्हणजे खर्च डोमेनचा तेवढा. प्लगिन नाहीत, त्यामुळे अपडेट करायचं राहिलं म्हणून कुणी घुसलं, हा प्रकार नाही.

पहिल्या स्क्रीनवर तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत: काय करता, कुठवर जाता, संपर्क कसा करायचा. 'आमच्याविषयी' खाली. 'आम्ही ग्राहकांच्या समाधानासाठी कटिबद्ध आहोत' हे वाक्य तर कुठेच नको.

संपर्काच्या फॉर्मबद्दल स्वतःची फजिती सांगतो. माझ्या फॉर्ममधून येणारं मेल 'प्रेषक' म्हणून समोरच्याचाच पत्ता लावत होतं. म्हणजे माझा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवतोय. माझ्या मेलबॉक्सला ते खोटं वाटायचं आणि थेट स्पॅममध्ये. चार महिने मी समजत होतो की मंदी आहे. स्पॅम उघडलं तर सतरा चौकश्या. प्रेषक आपल्याच डोमेनचा ठेवायचा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये. साइट लावली की पहिल्या दिवशी अनोळखी ईमेलवरून स्वतःच फॉर्म भरून बघा. मी बघितलं नव्हतं.

फोटो मोबाइलवर काढाल तर तसेच चढवू नका, एकेक पाच-सहा एमबीचा असतो. रुंदी कमी करून वेबपीमध्ये (फोटोचा हलका फॉरमॅट) टाका. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी, असं गूगलचंही माप आहे. पेजस्पीड इनसाइट्सवर फुकट तपासता येतं.

उंटावरचा_शहाणा
आणि कीवर्ड? मेटा टॅगमध्ये (पानाच्या कोडमधली न दिसणारी ओळ) ५० कीवर्ड भरले की पहिल्या नंबरवर येतं. माझ्या चौदाही साइटींवर भरलेत.

कळफलक
तो टॅग क्रमवारीसाठी बघत नाही, असं गूगलने २००९मध्ये जाहीर केलंय. तुमच्या चौदाही साइटींवर तो शोभेला आहे.

कावळ्याचा_डोळा
एसएसएल (साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारी सोय) विसरू नका. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं पाहिजे. २०१८पासून क्रोम बिनकुलपाच्या साइटला 'सुरक्षित नाही' म्हणतो. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं.

रात्रपाळी
कुलूप क्रोमने २०२३मध्येच काढलं. आता तिथे दोन रेघा-गोळ्यांचं चिन्ह असतं.

कावळ्याचा_डोळा
मुद्दा एसएसएलचा आहे, चित्राचा नाही.

रात्रपाळी
तुम्हीच म्हणालात "दिसलं पाहिजे". हलके घ्या.

हिशेबनीस
जाहिरातीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. मी छोट्या धंद्यांचे हिशेब लिहितो, मध्यंतरी गूगलवर सर्च जाहिरात लावली. फोन इतक्या लांबून यायला लागले की मी चक्रावलो. नंतर सेटिंग उघडून पाहिलं: जागेच्या पर्यायात 'त्या भागात असलेले किंवा त्या भागात रस दाखवणारे' असं आधीच निवडलेलं असतं. रस दाखवणारे कुठेही असू शकतात. 'फक्त तिथे असलेले' निवडायचं. आणि 'हिशेब' शब्दावर जाहिरात, तर शाळेचं गणित शोधणारी मुलं क्लिक करून गेली. नको असलेले शब्द वगळायची वेगळी यादी असते, ती पहिल्या दिवशी भरायची. मी पैसे संपल्यावर भरली.

दणकट
म्हणूनच म्हणतो, रील.

लिंबूटिंबू
अवांतर: आमच्याकडे आजीचं मशीन आहे. शिवताना कापडाखाली दोऱ्याचा नुसता गोळा होतो. बॉबिन बदललं, तरी तेच. काय असेल?

टाचणी
बॉबिनला हात लावू नका. गोळा खाली दिसतो, पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. वरचा दोरा पूर्ण काढा. फूट (कापड दाबणारा पाय) वर उचला आणि मग पुन्हा ओवा. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, वरून नुसता जातो. मग ताण कशाचा राहणार? ओवून झालं की फूट खाली करून दोरा हाताने ओढून बघा. जड लागला पाहिजे. सैल आला तर अजून बसलेला नाही.

निवांत
ताई, हे वरचं जसंच्या तसं तुमच्या पानावर टाका. मथळा: 'शिवताना खाली दोऱ्याचा गोळा होतो?' लोक 'शिलाई मशीन दुरुस्ती सेवा' असं शोधतातच असं नाही, डोळ्यांसमोर जे बिघडलंय तेही टाइप करतात.

उंटावरचा_शहाणा
फुकट सगळं शिकवलंत तर मशीन आणणार कोण?

निवांत
ज्याचं एवढं करूनही चालत नाही तो. आणि त्याला तेव्हा एकच नाव माहीत असेल.

कावळ्याचा_डोळा
बिझनेस प्रोफाइल केलंत का ताई? फुकट आहे.

टाचणी
उशिरा उत्तर देतेय, आठवडाभर एका कारखान्यातली सहा ओव्हरलॉक (कापडाची कड शिवणारी) मशीनं घेऊन बसले होते.

ठरलं. डोमेन घेतलं, माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर (गोगलगाय, तुमची कार्डं डोळ्यांसमोर होती). भाच्याने एक पान केलंय. घरगुती मशीनचा त्यात उल्लेखच नाही. फक्त ओव्हरलॉक, कातडं शिवायची मशीनं आणि टेलर लोकांची जुनी जड मशीनं. फोन नंबर टाकलेला नाही. फॉर्म आहे, त्यात मशीनचा फोटो आणि काय होतंय ते लिहायचं. रात्री हात धुऊन मी सगळी उत्तरं देते.

आणि ते बिझनेस प्रोफाइल करत नाहीये. माहीत आहे, फुकट आहे. पण वही पुन्हा चाळली तेव्हा दिसलं, की तेल-पाण्याची बारीक कामं काकांकडूनच इतकी येतात की माझे दोन हात पुरत नाहीत. नकाशावर दिसले तर तीच वाढतील. मला जड मशीनं हवीत. काकांकडे कार्डं ठेवली, आणि दुरुस्त झालेल्या प्रत्येक मशीनच्या पोटाला आतून एक चिकटपट्टी लावते: तारीख, काय बदललं, पानाचा पत्ता. पुढच्या वेळी उघडेल त्याला दिसेल.

दोऱ्याच्या गोळ्याचं पानावर नाही टाकलं, निवांत. सॉरी. ते वाचून घरगुतीच येतील.

झाडपाला
फोन नंबर नाही, प्रोफाइल नाही. मग विचारलंत कशाला?

उंटावरचा_शहाणा
फॉर्म कुठल्या प्लगिनने केला?

कळफलक
साधं एचटीएमएल आहे हो. प्लगिन कुठून येणार? ताई, फॉर्म अनोळखी ईमेलवरून तपासलात का?

टाचणी
तपासला. स्पॅममध्येच गेला होता. भाचा बसलाय.

लिंबूटिंबू
ताई, फूट वर उचलून ओवलं. गोळा थांबला! आता सुई मोडली.